फॉस्टर केअरमधल्या मुलाचे नातेवाईक कसे शोधावेत: फाइलपासून घरापर्यंत

‘जवळचे नातेवाईक नाहीत.’ फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे आईवडिलांपासून दूर, यंत्रणेने तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलांच्या फाइलींत हे वाक्य वारंवार भेटतं. पुष्कळदा त्यामागची हकिगत एवढीच असते: मूल घरातून हलवलं त्या दिवशी आईला एकदा विचारलं, ती काही बोलली नाही आणि रकाना भरून टाकला. त्या दिवशी ती घाबरलेली होती, संतापलेली होती, भावाशी तिचा अबोला होता, सासरच्या माणसांचं नावही तिला काढायचं नव्हतं. तो रकाना मग पुढच्या प्रत्येक अहवालात जसाच्या तसा उतरत राहतो.

हा लेख नव्या केस वर्करसाठी (मुलाची केस सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी), मदतीला येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आणि ज्या फॉस्टर पालकांना ‘याचं कोणीच नाही का?’ हा प्रश्न छळतो त्यांच्यासाठी आहे. कायदा, अर्ज आणि मंजुरी देणारं मंडळ देशागणिक बदलतं. शोधाची रीत फारशी बदलत नाही. सांभाळायला तयार असलेलं एक घर हुडकायला निघालात, तर तिसऱ्या नकाराला दमून थांबाल. म्हणून मुलाला आपलं म्हणणारी सगळी माणसं शोधा. घर बहुधा त्यांच्यातूनच निघतं. नाहीच निघालं, तरी वाढदिवसाला फोन करणारी मावशी आणि वडिलांच्या लहानपणाच्या गोष्टी सांगणारा काका तरी मुलाच्या पदरात पडतो.

ही पद्धत आली कुठून

युद्धात आणि आपत्तीत ताटातूट झालेल्या कुटुंबांना रेड क्रॉस पिढ्यान्‌पिढ्या शोधून देत आलं आहे. लाखो निर्वासितांतून एखाद्याचा भाऊ सापडू शकतो, तर आपल्याच कार्यालयातल्या फाइलीतल्या मुलाची आत्या का सापडू नये, असा विचार करून अमेरिकेत केविन कॅम्पबेल यांनी २००० च्या सुमारास ‘फॅमिली फाइंडिंग’ नावाची पद्धत बसवली. तिच्यात एका मुलामागे किमान ४० नातेवाईक आणि जिव्हाळ्याची माणसं शोधण्याचं उद्दिष्ट ठेवतात. आकडा ऐकून नवे कार्यकर्ते हसतात. पण दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा, त्यांची भावंडं, आईवडिलांची भावंडं, त्यांचे जोडीदार आणि मोठी झालेली मुलं मोजून बघा, ४० फार दूर नाही.

कायद्यांनीही हळूहळू हीच दिशा धरली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने मुलाचे कौटुंबिक संबंध हा त्याच्या ओळखीचा भाग मानला. त्यांच्याच २००९ च्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी आईवडील सांभाळू शकत नसतील तेव्हा नात्यातल्या घराचा विचार ठळकपणे पुढे ठेवला. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार मूल घराबाहेर हलवल्यापासून ३० दिवसांत सर्व प्रौढ नातेवाईकांना शोधून कळवण्याची कसोशी यंत्रणेने करायची असते. २०१४ मध्ये या यादीत मुलाच्या भावंडांचा कायदेशीर ताबा असलेल्या पालकांचीही भर पडली. तुमच्याकडे अशी मुदत नसली, तरी ३० दिवसांचं बंधन स्वतःवर घालून घ्या. पहिल्या महिन्यात माणसं हादरलेली असतात, म्हणूनच बोलतात. सहा महिन्यांनी प्रत्येकाने आपापली कारणं मनात पक्की केलेली असतात.

नात्यातल्या घरात मुलं खरंच बरी राहतात का? २०१४ मध्ये १०२ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. परक्या फॉस्टर घरांतल्या मुलांच्या तुलनेत नातेवाईकांकडची मुलं वर्तनाने आणि मनाने अधिक स्वस्थ आढळली आणि त्यांची घरंही कमी वेळा बदलली. मात्र त्याच आढाव्यात मानसोपचाराच्या सेवा नातेवाईकांकडच्या मुलांपर्यंत कमी पोहोचत असल्याचंही दिसलं. नातेवाईक मिळाले की यंत्रणा पाठ फिरवते, हा त्याचा एक उघड अर्थ. तो मुद्दा पुढे येईलच.

फाइल मागून पुढे वाचा

आपण नेहमी ताजा अहवाल आधी वाचतो. शोधासाठी अगदी पहिल्या कागदापासून सुरुवात करा. मुलाच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात सही कोणी केली? शाळेच्या प्रवेश अर्जावर ‘तातडीच्या वेळी संपर्क’ म्हणून कोणाचा नंबर आहे? पूर्वीच्या घरी भेटायला कोण येत होतं, आणि ते येणं कधी थांबलं? तक्रार नोंदवणारी व्यक्ती नात्यातली होती का? जिने पहिल्यांदा आवाज उठवला ती काकूच पुष्कळदा मुलाची सर्वात जास्त काळजी करणारी असते. तिचं नाव गोपनीय असेल तर ते गोपनीयच ठेवा, पण कुटुंबातली एक व्यक्ती म्हणून इतरांसारखी तिच्याकडेही चौकशी करता येते.

भावंडांच्या फाइली वेगळ्या असतील तर त्या मागवा. थोरल्या बहिणीच्या फाइलीत एखादा मामा असतो आणि धाकट्याच्या फाइलीत तो नसतो, कारण मधल्या काळात केस वर्कर बदलला. एवढ्या एका कामाने नवी नावं हाती लागतात आणि त्यासाठी कार्यालयाबाहेरही जावं लागत नाही.

पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवा: नाव, नातं, हे नाव कुठून कळलं, संपर्क कधी केला, काय उत्तर मिळालं, पुढे काय करायचं. ‘फोन लागला नाही’ हेही तारखेसह लिहा. उद्या तुमची बदली झाली तर शोध पुन्हा शून्यापासून सुरू होऊ नये, आणि न्यायालयाने विचारलं तर कसोशी झाली हे दाखवता यावं.

मुलाला विचारताना

‘तुझे नातेवाईक कोण?’ हा प्रश्न मुलाला परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी आठवणींतून शिरा. आई उशिरा यायची तेव्हा तू कोणाकडे थांबायचास? शाळेतून आणायला कोण यायचं? आजारी पडलास तेव्हा जवळ कोण होतं? तुला हाक कोण कोण वेगळ्या नावाने मारायचं? लहान मुलाला खरं नाव माहीत नसतं. ‘कुत्रावाले काका’ एवढंच आठवतं. तेच लिहून घ्या, आईला विचारलं की ती खरं नाव सांगते.

कागद आणि रंगीत खडू फार उपयोगी पडतात. आफ्रिकेत लढायांमुळे घर हरवलेल्या मुलांबरोबर काम करताना एक तंत्र तयार झालं: मुलाने आपण राहिलेल्या प्रत्येक घराचं चित्र काढायचं, एका घराकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा काढायच्या आणि प्रत्येक घरात कोण होतं ते दाखवायचं. पत्ता न येणारं मूलही ‘इथे पाण्याची टाकी, इथे बसायची ती आजी’ असं सांगत जातं. चित्र काढताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टीही बाहेर येतात. एखाद्या घराचं चित्र काढायला मूल नकार देत असेल, तर तिथे थांबा. त्या घराची चौकशी करा, पण मुलाकडून ती माहिती ओढून काढू नका.

मुलाला काय सांगायचं? ‘तुला ओळखणारी माणसं मी शोधतोय’ एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. ‘तुझ्यासाठी घर शोधतोय’ म्हणालात की मूल त्याच रात्री बॅग भरायला लागतं. किशोरवयीन मुलं मात्र ‘मला कोणी नको’ म्हणून सरळ उडवून लावतात. तो बहुतेक वेळा पुन्हा नाकारलं जाण्याच्या भीतीतून आलेला नकार असतो. त्यांना नोंदवहीतली नावं दाखवा, कोणाला आधी फोन करायचा आणि कोणाला करायचाच नाही हे त्यांना ठरवू द्या. स्वतःच्या शोधाची सूत्रं हातात आली की तीच मुलं सोशल मीडियावर तुमच्याआधी चुलत भाऊ शोधून काढतात. तेवढ्यासाठी आधीच नियम घालून घ्या: नाव सापडलं तर मला सांग, पहिला मेसेज तू पाठवायचा नाही.

आईवडिलांशी बोलताना

आईला ‘मूल कोणाला देऊ?’ असं विचारलं तर ती कोणाचंही नाव सांगणार नाही, कारण नाव सांगणं म्हणजे हार मानणं. ‘तुम्ही इथे नसताना त्याला झोप लागावी म्हणून कोणाचा आवाज ऐकवू?’ असं विचारलं की बोलणं सुरू होतं. शोध म्हणजे मूल कायमचं काढून घेण्याची तयारी नव्हे, हेही स्पष्ट सांगा; बहुतेक ठिकाणी नात्यातलं घर हे मूल आईकडे परत जाईपर्यंतचा आधार म्हणूनच पहिल्यांदा पाहिलं जातं.

वडिलांची बाजू हमखास राहून जाते. वडील तुरुंगात आहेत, बेपत्ता आहेत, जन्मनोंदीत त्यांचं नावच नाही, म्हणून अर्धा वंशवृक्ष कोरा. माणूस वडील म्हणून अपयशी ठरला असेल, तरी त्याची बहीण उत्तम आत्या असू शकते. तुरुंगातल्या वडिलांना भेटायला जा किंवा पत्र लिहा. तिथे वेळच वेळ असतो आणि मुलासाठी काही करता येण्याची ही त्यांची एकमेव संधी असते. पुष्कळ वडील पानभर नावं लिहून पाठवतात.

एक अपवाद काटेकोरपणे पाळा. घरात हिंसाचार असेल, कोणी मुलाच्या किंवा आईच्या मागावर असेल, तर ज्या नातेवाईकाकडून त्या माणसापर्यंत बातमी पोहोचेल त्याला कळवण्याआधी वरिष्ठांशी बोला. वर सांगितलेल्या अमेरिकी कायद्यातही ३० दिवसांच्या नियमाला कौटुंबिक हिंसाचाराचा अपवाद आहे.

बाहेरचा शोध

सार्वजनिक नोंदी, मतदारयाद्या, निधनाच्या बातम्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे गट हे सगळे मार्ग आहेत. निधनाच्या बातमीकडे विशेष लक्ष द्या: ‘यांच्या पश्चात’ म्हणून जी नावं छापतात तो आयता वंशवृक्ष असतो. सोशल मीडियावर शोधताना स्वतःचं खासगी खातं वापरू नका, बनावट खातं तर नाहीच नाही. कार्यालयाने मंजूर केलेल्या खात्यावरूनच शोधा. कोणाच्या पोस्टखाली ‘तुमच्या भाच्याबद्दल बोलायचं आहे’ असं लिहिणं म्हणजे मुलाची गोष्ट चव्हाट्यावर मांडणं.

रक्ताच्या नात्याबाहेरची माणसं याच टप्प्यावर यादीत घ्या: जुनी शेजारीण, वर्गशिक्षिका, खेळाचे प्रशिक्षक, आधीचे फॉस्टर पालक, मित्राची आई. अनेक देशांचे नियम अशा माणसांनाही नातेवाईकांच्या बरोबरीने धरतात. मुलाच्या दृष्टीने तर हा फरक बहुधा नसतोच.

पहिला फोन

इथे सर्वात जास्त नावं गळतात, म्हणून थोडं रेंगाळतो. बहुतेक कार्यकर्ते ज्या प्रश्नाने फोन सुरू करतात, तो प्रश्न पहिल्या फोनवर विचारायचाच नसतो: ‘तुम्ही मुलाला ठेवून घ्याल का?’ समोरच्याला आत्ताच कळलंय की आपला नातू परक्या घरात आहे. त्याच दमात त्याच्याकडून आयुष्य बदलणारं उत्तर मागितलं, तर ‘नाही’च येणार. आणि एकदा ‘नाही’ म्हटलेला माणूस शरमेने पुढचे फोन उचलत नाही.

आधी खात्री करा की तुम्ही योग्य व्यक्तीशी बोलताय. व्हॉइसमेलवर किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाकडे मुलाचं नाव ठेवू नका. तुमचं नाव, नंबर आणि ‘एका कौटुंबिक कामासंदर्भात’ एवढं पुरे. मग साधारण असं बोला: ‘तुमच्या बहिणीच्या मुलाबद्दल फोन केलाय. तो सुखरूप आहे. सध्या तो आमच्या देखरेखीखाली एका कुटुंबात राहतोय. त्याच्या ओळखीच्या माणसांशी त्याचा संबंध तुटू नये म्हणून मी सगळ्यांशी बोलतेय. तुम्हाला तो आठवतो का? तुम्ही शेवटचं कधी भेटलात?’

‘सुखरूप आहे’ हे शब्द आधी यायलाच हवेत. त्याआधीचं काही ऐकलं जात नाही. त्यानंतर गप्प बसा. माणसं रडतात, भडकतात, ‘आम्हाला आधी का नाही सांगितलं’ म्हणून तुम्हालाच झापतात. ऐकून घ्या, ज्याला राग येतो त्याला मुलाची पर्वा असते. मूल का हलवलं याचा तपशील मात्र सांगू नका. तो आईच्या खासगी आयुष्याचा भाग आहे आणि कुटुंबात एकदा पसरलेली गोष्ट परत घेता येत नाही.

फोन संपवताना दोन गोष्टी मागा. पहिली: आणखी कोणाशी बोलू? हा प्रश्न प्रत्येकाला विचारा, साफ नकार देणाऱ्यालाही. दुसरी: काहीतरी लहान. जुना फोटो, आजोबांचं नाव, घरात कोणाला दम्याचा किंवा मधुमेहाचा त्रास होता का याची माहिती. आजारांचा इतिहास डॉक्टरांनाही हवाच असतो, आणि फोटो शोधायला कपाट उघडणारा माणूस दुसऱ्या फोनला वेगळ्या आवाजात बोलतो.

पुढच्या संभाषणांत पर्याय मांडा: पत्र, आठवड्याचा व्हिडिओ कॉल, दवाखान्यात सोबत, महिन्यातून एक शनिवार-रविवार, सुट्टीत मुक्काम, थोड्या काळासाठी सांभाळ, कायमचं घर. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये इतक्या पायऱ्या आहेत हे लोकांना माहीतच नसतं.

नकार आला तर कारण विचारा आणि नोंदवा. जागा लहान आहे, पैसे नाहीत, मुलाच्या बापाची भीती वाटते, पंधरा वर्षांपूर्वीचा गुन्हा नडेल असं वाटतं, नवरा तयार नाही. यांतली काही कारणं मदतीने सुटतात, काही काळाने. ‘पुन्हा विचारलं तर चालेल का?’ असं विचारून तारीख टाका आणि त्या तारखेला खरंच फोन करा.

घर योग्य आहे का

आजी आहे म्हणून तपासणी सैल करायची नाही, आणि आजी आहे म्हणून परक्या अर्जदाराचे सगळे निकषही जसेच्या तसे लावायचे नाहीत. स्वतंत्र खोली नसणं वेगळं, सुरक्षितता नसणं वेगळं. अमेरिकेत २०२३ पासून राज्यांना नातेवाईकांसाठी वेगळे, सोपे निकष ठरवता येतात. इंग्लंडमध्ये पूर्ण तपासणी होईपर्यंत नातेवाईकाला १६ आठवड्यांपर्यंत तात्पुरती मंजुरी देता येते. तुमच्याकडे अशी सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी शोधून ठेवा, नाहीतर कागद पूर्ण होईपर्यंत मूल दोन घरं बदलून मोकळं होतं.

पोलिस पडताळणी, गृहभेट, आरोग्य, घरातल्या प्रत्येक माणसाशी बोलणं हे होईलच. घरातल्या मुलांशी वेगळं बोलायला विसरू नका. आपली खोली वाटून घ्यायला त्यांची तयारी आहे की नाही, हे ती आईवडिलांसमोर सांगत नाहीत. पण नात्यातल्या घरात खरा प्रश्न निष्ठेचा असतो. आजीला विचारा: ‘तुमचा मुलगा रात्री अकरा वाजता दारात उभा राहिला आणि मुलाला भेटायचंय म्हणाला, तर काय कराल?’ ‘तो असं करणारच नाही’ हे काळजीचं उत्तर आहे. ‘माझ्याच्याने दार लावून घेणं होणार नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे, आणि त्यावर काम करता येतं: अशा वेळी फोन कोणाला करायचा, जवळ राहणारा थोरला मुलगा येऊ शकतो का, भेटी बाहेरच्या जागी ठेवायच्या का. घर नापास ठरलं, तरी ती व्यक्ती यादीतून काढू नका. सांभाळ जमणार नसेल, देखरेखीखालची भेट जमू शकते.

सगळे एकत्र बसतात तेव्हा

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात कुटुंबाची बैठक हा निर्णयाचा अधिकृत टप्पा केला. त्यातली एक कल्पना उचलण्यासारखी आहे: माहिती सांगून झाली की अधिकारी खोलीबाहेर जातात आणि कुटुंब आपापसात योजना ठरवतं. कार्यकर्त्यांना हे जड जातं. पण ‘तू पितोस, तुझ्याकडे मूल राहणार नाही’ हे धाकट्या भावाला कुटुंबच सांगू शकतं, तुम्ही नाही. बाहेर पडण्याआधी कोणत्या गोष्टींवर तडजोड नाही हे स्वच्छ शब्दांत सांगा, आणि परत आल्यावर पहिल्या घरासोबत दुसरा आणि तिसरा पर्यायही लिहून घ्या. भावंडं असतील तर ती एकत्र कशी राहतील हा प्रश्न पहिला.

सगळ्यात कठीण प्रसंग यापेक्षा वेगळा असतो. मूल दोन वर्षं एका फॉस्टर घरात रमलंय, त्यांना आई-बाबा म्हणतंय आणि आता मामा सापडतो. नातं आधी की रुळलेलं घर आधी, याचं सूत्र नाही. जो सूत्र सांगतो त्याच्यापासून सावध राहा. मुलाचं वय, त्याचं म्हणणं, मामा आधी का आला नाही, फॉस्टर घर कायमचं होऊ शकतं का, हे सगळं तोलावं लागतं. घाईने हलवू नका. मामाला त्या घरी जेवायला जाऊ दे, मूल सुट्टीत मामाकडे राहू दे. दोन्ही घरांना ‘जिंकायचंय’ असं वाटू लागलं की मूल दोघांसमोर वेगवेगळं बोलू लागतं. ही वेळ येऊच नये, यासाठी तर पहिल्या महिन्यातल्या शोधाचा एवढा आग्रह.

मूल राहायला गेल्यावर

इथे यंत्रणा हात झटकते. परक्या फॉस्टर पालकांना प्रशिक्षण, भत्ता आणि फोन करायला माणूस मिळतो. आजीला पुष्कळदा फक्त मूल मिळतं. मूल जाण्याआधीच कागद हातात द्या: शाळेत प्रवेश घेण्याचा आणि दवाखान्यात संमती देण्याचा अधिकार देणारा आदेश, औषधांची यादी, भत्त्याचा भरलेला अर्ज. समुपदेशन चालू असेल तर नव्या ठिकाणची पहिली वेळ तुम्हीच ठरवून द्या. पहिल्या आठवड्यात एकदा तरी भेटा. नंतरच्या फोनवर ‘सगळं ठीक ना?’ विचारू नका, ‘ठीक’ असंच उत्तर येईल. झोप कशी आहे, शाळेतून काही चिठ्ठी आली का, तुम्हाला स्वतःला शेवटची विश्रांती कधी मिळाली, असं विचारा. बैठकीत शनिवार-रविवारी मूल नेण्याचं कबूल केलेली मावशी खरंच नेतेय का, हे तपासा आणि नसेल नेत तर तिला आठवण करा.

अमेरिकेत या पद्धतीची जी काटेकोर मूल्यमापनं झाली त्यांचे निकाल संमिश्र आहेत: नावं पुष्कळ सापडली, पण मुलं कायमच्या घरात गेलीच असं सर्वत्र दिसलं नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. नाव सापडणं आणि त्या नावाच्या माणसाला सहा महिने धरून ठेवणं यांत फार अंतर आहे, आणि कामाचे तास बहुतेक पहिल्यालाच मंजूर होतात. तुमच्या वरिष्ठांकडे वेळ मागाल तेव्हा दुसऱ्यासाठी मागा.

मूल अखेर फॉस्टर केअरमध्येच मोठं झालं, तरी नोंदवही बंद करण्याआधी एक काम उरतं. यादीतल्या प्रत्येकाला विचारून, ज्यांनी संमती दिली त्यांची नावं, नंबर, फोटो आणि आजारांचा इतिहास एका वहीत नीट उतरवा आणि व्यवस्थेतून बाहेर पडताना ती त्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या हाती द्या. तोवर नकार देत आलेल्यांनाही त्या आठवड्यात पुन्हा एक फोन करा. अठराव्या वर्षी प्रश्न घर देण्याचा राहिलेला नसतो, त्यामुळे काही जण तेव्हा पहिल्यांदा ‘हो’ म्हणतात.